दोन ते आठ अंश : काही टिपणं

आरएनए भरलेल्या आमच्या लिपिड नॅनोकणांच्या साठवण-चाचणीत आज तिसऱ्या महिन्याचं सॅम्पल काढायचं होतं. 5 अंशांच्या चेंबरमधून एक वायल आणि 25 अंशांच्या चेंबरमधून एक. दोन्ही काळ्या पाटीसमोर दिव्याखाली धरल्या. पाण्यात दुधाचे चार थेंब पडावेत तसा पांढुरका द्रव, आणि कडेने पाहिलं की निळसर झाक. ती झाक कणांच्या आकारामुळे येते. कण प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच लहान असले की निळा प्रकाश जास्त विखुरतो. आकाश निळं दिसतं ते याच कारणाने. कण वाढत गेले की निळेपणा जातो आणि नुसता पांढरेपणा उरतो.

डोळ्यांना दोन्ही सारख्याच वाटल्या. यंत्राला तसं वाटलं नाही. थंडीतल्या वायलमधले कण जिथल्या तिथे होते, उबेतल्या वायलमधले दीडपट झाले होते.

*

दीडपट ऐकायला किरकोळ वाटतं. पण व्यास दीडपट झाला म्हणजे घनफळ जवळजवळ साडेतीन पट झालं. म्हणजे तीन-साडेतीन कण एकमेकांत विरघळून एक झाले असणार. प्रत्येक कणाचं आवरण फुटलं, पुन्हा जुळलं, आणि त्या गडबडीत आतला ऐवज थोडाफार बाहेर पडला असणार. नुसता आकाराचा आकडा पाहून हे कळत नाही. म्हणून आकार मोजला की लगेच किती आरएनए आत आहे आणि किती बाहेर सुटला आहे, तेही मोजायचं. एकच आकडा घेऊन मीटिंगला जाऊ नये, हे मी नव्या मुलांना पहिल्या आठवड्यातच सांगतो.

आणखी एक. कणांनी विखुरलेल्या प्रकाशावरून आकार काढताना मोठे कण लहानांचा आवाज दाबून टाकतात. दुप्पट व्यासाचा एक कण चौसष्ट लहान कणांइतका प्रकाश फेकतो. त्यामुळे सरासरी अचानक वाढलेली दिसली की आधी पाहायचं ते हे, की सगळेच कण थोडे-थोडे वाढलेत, की मूठभर कणांनी गठ्ठा केलाय. दोन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

*

हा कण म्हणजे चार स्निग्ध पदार्थांची मोट. पहिला, आम्लात धनभारित होणारा आणि रक्ताच्या सामूला भार टाकून देणारा, आयनीकरणक्षम लिपिड. दुसरा डीएसपीसी नावाचा फॉस्फोलिपिड. तिसरं कोलेस्टेरॉल. चौथा, पीईजीची लांब शेपटी लावलेला लिपिड. पॅटिसिरान या औषधात आणि मॉडर्नाच्या कोविड लशीत यांचं प्रमाण रेणूंच्या हिशेबाने 50 : 10 : 38.5 : 1.5 असं आहे. शंभरातले जेमतेम दीड रेणू शेपटीवाले, आणि शेजारच्या कणाला हातभर लांब ठेवण्याचं काम त्यांचं. हे दीड रेणू पृष्ठभागावरून सुटू लागले की कण एकमेकांना चिकटायला मोकळे होतात. शेपट्या वाढवल्या तर साठवण सुधारते, पण मग पेशी कणाला आत घ्यायला कुरकुरते. साठवणीच्या बाजूने ओढलं की उपचाराची बाजू उघडी पडते, अशी ही आखूड चादर आहे.

*

घरी कढवलेल्या तुपाची बरणी पाहत बसलो होतो. आईने लोणी कढवून पातेलं ओट्यावर सावकाश निवू दिलं होतं, म्हणून तूप छान रवाळ झालं. हेच पातेलं फ्रिजमध्ये ढकललं असतं तर तूप सपाट, मेणासारखं थिजलं असतं. चरबी तीच, पण गोठण्याची रीत वेगळी, म्हणून स्फटिक वेगळे.

घन लिपिड नॅनोकणांचा अख्खा प्रश्न या बरणीत आहे. बर्लिनच्या रायनर म्युलर यांनी 1990 च्या दशकात हे कण पुढे आणले. खोलीच्या तापमानाला घट्ट राहणारी चरबी वितळवायची, तिच्यात औषध विरघळवायचं, गरम पाण्यात तिचे अतिसूक्ष्म थेंब करायचे आणि थंड करायचं. थंड होताना घाईत चरबी अव्यवस्थित स्फटिकात थिजते. त्या अव्यवस्थेत फटी असतात आणि औषध त्या फटींत बसतं. पहिल्या दिवसाचा रिपोर्ट सुरेख येतो. पण चरबीला ती घाईची बैठक मानवत नाही. आठवडे-महिने जातात तशी ती रेणूंची रांग नीट लावत जाते, फटी बुजतात आणि औषध बाहेर ढकललं जातं. गोल कण चपटे होतात, पृष्ठभाग वाढतो, आणि कधीकधी वायल उलटी केली तरी आतलं हलत नाही, खळ झालेली असते.

यावर म्युलर यांच्याच गटाने काढलेला तोडगा मला फार आवडतो. घट्ट चरबीत मुद्दाम थोडं तेल मिसळायचं. वेगवेगळ्या लांबीचे, वेगवेगळ्या घडणीचे रेणू एकत्र आले की रांग नीट लागतच नाही आणि औषधाला जागा राहते. इथे स्थिरतेसाठी अव्यवस्था राखावी लागते. मुंबईत, पुण्यात एम.फार्म.च्या प्रबंधांमध्ये हे तेल-चरबीचे कण गेली वीस वर्षं दिसताहेत. त्यातल्या बऱ्याच प्रबंधांत साठवणीचा अभ्यास एक ते तीन महिन्यांवर संपतो. माझी तक्रार एवढीच आहे की चरबीचा खरा स्वभाव त्यानंतर कळायला लागतो.

*

पॅटिसिरान 2018 साली अमेरिकेत मंजूर झालं. आनुवंशिक अमायलॉइड आजारावरचं, लिपिड नॅनोकणातून आरएनए देणारं पहिलं औषध. ते साध्या फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांत राहतं. लेबलवर उलट ताकीद आहे, गोठवू नका. दोनच वर्षांनी त्याच घडणीच्या कणातून फायझरची कोविड लस आली आणि तिला उणे 70 अंश लागले.

आवरणाची घडण तीच, मग एवढा फरक कशाने? आतल्या ऐवजाने. पॅटिसिरानमध्ये एकवीस-एकवीस दुव्यांच्या दोन पट्ट्या एकमेकींना धरून आहेत, आणि ठिकठिकाणी त्यांचा कमकुवत भाग रासायनिक झाकणाने बांधून टाकला आहे. फायझरच्या लशीतला आरएनए एकेरी आणि सुमारे 4,300 दुव्यांचा. प्रत्येक दुव्याला शेजारीच एक हायड्रॉक्सिल गट असतो आणि पाण्याच्या संगतीत तो आपल्याच कण्यावर उलटतो. साखळी कुठेही एका जागी तुटली की प्रथिन पूर्ण बनत नाही. माळेतला एक दोरा तुटावा आणि सगळे मणी निरुपयोगी व्हावेत, तसं.

पत्रकार मित्र विचारतात, लस थंडीत का ठेवायची, चरबी वितळते म्हणून का? त्यांना मी हेच सांगतो की चरबीचं घड्याळ वेगळं आणि आरएनएचं वेगळं. वायलमध्ये दोन्ही एकाच वेळी चालू असतात, आणि जे आधी वाजेल त्यावर एक्स्पायरी ठरते.

*

मग 2021 मध्ये कळलं की ही दोन घड्याळं एकमेकांत गुंतलेली आहेत. मॉडर्नाच्या संशोधकांनी 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये छापलेला तो शोधनिबंध मी छापून घेतला आणि पेन्सिलीने भरून टाकला. आयनीकरणक्षम लिपिडच्या डोक्यावर एक तृतीयक अमाइन असतं. ते हळूहळू ऑक्सिडाइझ होतं. त्या पदार्थाचं पुढे विघटन होऊन आल्डिहाइड सुटतात, आणि ते आल्डिहाइड आरएनएच्या अक्षरांना जाऊन चिकटतात. साखळी तुटत नाही. लांबी मोजा, पूर्ण भरते. पण जिथे लिपिडचा तुकडा अडकला आहे तिथे पेशीतलं यंत्र अडखळतं आणि प्रथिन बनत नाही. नेहमीच्या लांबीच्या चाचणीत असा आरएनए निर्दोष ठरतो. वेगळ्या प्रकारच्या क्रोमॅटोग्राफीत तो उशिरा बाहेर पडतो, आलेखाच्या शेवटी एक बुटकं शिखर दिसतं, आणि त्यावरूनच तो पकडला गेला.

त्या रात्री मी आमचे जुने आलेख काढून बसलो. शेवटच्या शिखरांना आम्ही तोवर स्तंभाची घाण समजून सोडून दिलं होतं. एका बॅचमध्ये आकार ठीक, आत राहिलेला आरएनए ठीक, लांबी ठीक, आणि तरी पेशींत प्रथिन निम्मंच बनायचं. सहा महिने आम्ही पेशींना दोष देत होतो. सकाळी टीमला आलेख दाखवले. कोणी फारसं बोललं नाही, एका मुलीने लगेच कच्च्या लिपिडच्या शुद्धतेचे दाखले मागवले. बरोबर होतं तिचं. लिपिडच्या बाटलीतच थोडी अशुद्धी आली असेल, तर पुढे कितीही थंडी दिली तरी बी पेरलेलंच असतं.

*

गोठवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं, असं सगळ्यांना वाटतं. मलाही वाटायचं.

पाणी गोठू लागलं की शुद्ध बर्फ आधी वेगळा होतो. उरलेल्या चिंचोळ्या जागेत कण, क्षार, सगळं दाटीवाटीने कोंबलं जातं. त्यात सोडियम फॉस्फेटचा बफर असेल तर दुहेरी संकट. त्यातलं एक फॉस्फेट आधी स्फटिक होऊन बाजूला बसतं आणि सातच्या आसपासचा सामू चारच्या दिशेने घसरतो. आम्लात आपला लिपिड पुन्हा धनभारित होतो. म्हणजे ज्या बफरवर सामू सांभाळायचा भरवसा, तोच गोठताना आपल्याला सोडून जातो. ट्रिस बफर असं करत नाही. मॉडर्नाच्या लशीत पहिल्यापासून ट्रिस होता. फायझरची लस आधी फॉस्फेटमध्ये होती. 2021 च्या अखेरीपासून ती ट्रिसमध्ये आली आणि वितळल्यावर फ्रिजमधली मुदत एक महिन्यावरून दहा आठवड्यांवर गेली. लिपिड तेच, आरएनए तोच, सोबतीचं पाणी बदललं.

बर्फाच्या सुयांपासून वाचवणारी साखर. होय, उसाची असते तीच, सुक्रोज. दोन्ही लशींत ती आहे. शंभर मिलिलिटरला आठ-दहा ग्रॅम, म्हणजे चांगलं गोड पाणी.

*

साखर काय करते हे समजावायला मी लोणावळ्याची चिक्की घेऊन जातो.

साखरेचं घट्ट पाणी महिनाभर दोऱ्यावर शांत राहू दिलं की खडीसाखर होते. रेणू रांगेत बसले, स्फटिक झाला. तोच पाक कडक होईपर्यंत आटवून, थेंब पाण्यात टाकला की टणकन वाजेल इतका, थंड ताटात ओतला की पारदर्शक पत्रा होतो. त्या पत्र्यात रेणूंना रांग लावायला वेळच मिळालेला नसतो. ते जिथे होते तिथे अडकले. ही काच. चिक्कीतला शेंगदाणा त्या काचेत जसा जागच्या जागी रुतलेला असतो, तसा आपला कण साखरेत रुतायला हवा. शेजारचा दाणा दिसतो, पण तिथवर जाता येत नाही.

द्रावण गोठवलं की बर्फाच्या मधल्या फटींत साखरेचा घट्ट पाक उरतो आणि साधारण उणे 32 अंशांच्या खाली तो काच होतो. म्हणून उणे 70 ला सगळं थिजून राहतं. उणे 20 ला तो अजून पाकच असतो, फार घट्ट, मधासारखा, पण पाक. हालचाल संथ असते, थांबलेली नसते. उणे 20 आणि उणे 70 यांत फक्त पन्नास अंशांचा फरक आहे असं समजणाऱ्याला मधली ही ओळ दिसत नाही.

आणि श्रावणातली चिक्की? पुडा उघडा राहिला की संध्याकाळपर्यंत बोटांना चिकटते. हवेतलं पाणी काचेत शिरलं आणि काच पुन्हा पाक होऊ लागली. गोठवून सुकवलेल्या लशीचं नेमकं असंच आहे. कोरड्या सुक्रोजची काच 60 अंशांच्या वर टिकते. दोन-चार टक्के पाणी राहून गेलं की तोच आकडा खोलीच्या तापमानाकडे उतरतो. ट्रेहॅलोज या साखरेची काच 100 अंशांच्याही पुढे टिकते, म्हणून गोठवून सुकवणाऱ्यांचा तिच्यावर जीव. चंद्रपूरच्या मे महिन्यात, वीज गेलेल्या दुपारी, हे अंश मला पुस्तकातले वाटत नाहीत.

*

पुण्याच्या जिनोव्हाची जेमकोव्हॅक-19 ही एमआरएनए लस जून 2022 मध्ये भारतात आपत्कालीन वापरासाठी मंजूर झाली. चूर्णरूपात, 2 ते 8 अंशांत राहणारी. तेव्हा कोविडची मोठी लाट ओसरली होती आणि बातमी आतल्या पानांवर गेली. माझ्या मते ती पहिल्या पानाची होती. तालुक्याच्या गावात जो फ्रिज आधीच उभा आहे त्यात मावणारी एमआरएनए लस आपल्या पुण्यात तयार झाली होती. कोणी म्हणेल, नव्या लशीसाठी नवा फ्रीझर घ्यावा. मी म्हणतो, ज्या औषधाला स्वतःचा फ्रीझर बरोबर न्यावा लागतो त्याचं संशोधन अजून संपलेलं नाही.

*

सुकवणं सोपं नाही. वायल आधी गोठवायची, मग निर्वातात बर्फाची थेट वाफ करायची, मग हळूहळू ऊब वाढवून उरलेलं पाणी ओढून काढायचं. दिवसच्या दिवस जातात. घाई केली की केक खाली बसतो, मधोमध खड्डा पडतो. चांगला केक बत्ताशासारखा दिसतो, पांढरा, सच्छिद्र, वायलच्या तळाचा आकार धरलेला. त्यात पाणी सोडलं की काही सेकंदांत विरघळायला हवा आणि निळसर झाक परत यायला हवी. ती परत आली की खोलीतल्या सगळ्यांचे खांदे सैल होतात.

*

बुचाबद्दल फार कमी लिहिलं जातं. उणे 80 ला रबर रबरासारखं वागत नाही. कडक होतं, आकसतं. वायल कोरड्या बर्फात ठेवली असेल तर भोवती कार्बन डायऑक्साइडच असतो. सील जराही ढिलं पडलं की तो आत जातो, आणि वितळल्यावर पाणी आंबट. शोधत बसतात सगळे लिपिडमध्ये, आणि दोष असतो बुचात.

*

प्राथमिक आरोग्य केंद्रात एका सिस्टरबाईंनी मला शेक टेस्ट करून दाखवली होती. धनुर्वाताच्या किंवा पेंटाव्हॅलंटच्या लशी चुकून गोठल्या का, हे तपासायची साधी युक्ती. एक वायल मुद्दाम गोठवून वितळवायची, शंकेची वायल तिच्या शेजारी धरायची, दोन्ही एकत्र हलवायच्या आणि टेबलावर ठेवून पाहायचं. गोठलेल्या लशीतला ॲल्युमिनियमचा साका लवकर खाली बसतो, वर स्वच्छ पाणी दिसतं. बाई म्हणाल्या, "सर, आयएलआरच्या तळाशी ह्या कधीच ठेवत नाही आम्ही. तळाला बर्फाची भीती." आयएलआर म्हणजे त्यांचा लशींचा फ्रिज. दिवसातून दोनदा तापमानाची नोंद, रविवारीसुद्धा. वहीचे कोपरे वळलेले, अक्षर एकसारखं.

मला त्यांना सांगावं लागलं की आमच्या कणांसाठी अशी हातातली परीक्षा नाही. बिघडलेली वायल आणि चांगली वायल बहुधा सारखीच दिसते. आणि हलवणं तर नकोच. फायझरच्या जांभळ्या टोपणाच्या लशीत 1.8 मिलिलिटर सलाईन घालून वायल दहा वेळा हळुवार उलटीसुलटी करायची सूचना होती, झटके द्यायला मनाई. झटक्यांनी हवेचे बुडबुडे होतात. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर कण जाऊन पसरतात, उसवतात, एकमेकांत अडकतात. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग जीपमधून नेताना?" आमच्या भागातला रस्ता त्यांना माहीत होता. परत आल्यावर मी वाहतुकीच्या चाचणीत कंपनाचे तास वाढवून मागितले.

*

ॲम्बिसोम मात्र हलवावं लागतं. काळ्या बुरशीवरचं लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन. चूर्णात निर्जंतुक पाणी घालून तीस सेकंद जोरात हलवायचं, नंतर 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळायचं. सलाईनचा स्पर्शही नको, साका होतो. लिपिडचेच दोन कण, आणि एकाची पथ्यं दुसऱ्याला विष.

*

त्याच औषधाची देशी कथा मुंबईच्या केईएमची. डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी आणि दिल्ली विद्यापीठात बिमल बच्छावत यांच्या गटाने मिळून भारतीय लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन उभं केलं. पुढे ते फंगिसोम नावाने बाजारात आलं. ते द्रवरूप, सलाईनमध्येच बनवलेलं. पण रुग्णाला देण्याआधी वायल अल्ट्रासॉनिकेटरमध्ये 45 मिनिटं ठेवायची. ध्वनिलहरींनी कण लहान होतात.

काही जण याला गैरसोय म्हणतात. मी त्याचा वेगळा अर्थ लावतो. कण लहान करण्याचं काम शेवटच्या तासावर ढकललं, की महिनोन्‌महिने तो लहानच ठेवण्याचं ओझं साठवणीवरून उतरतं. वॉर्डात एक यंत्र आणि पाऊण तास हवा, एवढंच. 2021 च्या उन्हाळ्यात म्यूकरचे रुग्ण वाढले आणि लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनच्या वायलसाठी नातेवाईक रात्रभर फोन करत होते, माझ्याकडेही आले होते फोन, तेव्हा या जुन्या कामाची मला फार आठवण झाली.

*

नवा मुलगा विचारत होता, 40 अंशांत महिनाभर ठेवून दोन वर्षांचा अंदाज नाही का काढता येत? गोळ्यांच्या बाबतीत बऱ्याच अंशी येतो. उष्णता वाढवली की तीच क्रिया वेगाने होते, हिशेब मागे नेता येतो. इथे 40 अंशांत जे बिघडतं ते 5 अंशांत बिघडणाऱ्यापेक्षा वेगळंच असू शकतं. चरबीची अवस्था बदलते, साखरेची काच पाक होते, आणि आलेखाची सरळ रेष मध्येच मोडते. म्हणून 5 अंशांचा ट्रे भरायचा आणि वाट पाहायची. गुंतवणूकदारांना हे सांगणं अवघड जातं. मी दर वेळी सांगतो.

*

संध्याकाळी 25 अंशांच्या वायलचा क्रोमॅटोग्राम आला. शेवटचं बुटकं शिखर आहे. 5 अंशांच्या वायलमध्येही आहे, फार लहान, पण आहे. दोन्ही आलेख वहीत चिकटवले, शिखराखाली तारीख घातली. लिपिडचा नवा लॉट गुरुवारी येतोय. त्याची बाटली नायट्रोजनखाली उघडायची असं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे. पुढचं सॅम्पल सहाव्या महिन्याला.